रेषेतला असुर : सचेतनपटांतील खलपुरुष आणि मराठी प्रेक्षक

नाशिक या नावाची लोकप्रिय व्युत्पत्ती शूर्पणखेच्या कापलेल्या नाकापाशी जाऊन थांबते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती कितपत टिकेल हा प्रश्न येथे गौण आहे. लोकमानसाने आपल्या शहराच्या नावाशी एका राक्षसीची विटंबना जोडून घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळली, हे अधिक महत्त्वाचे. पंचवटी, तपोवन, सीतागुंफा या साऱ्या परिसराला रामकथेचा भूगोल चिकटलेला आहे. याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारी २ मार्च १९३० रोजी प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षे चालला, आणि दार उघडले नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. रामकथेच्या भूगोलात राहणाऱ्या समाजातल्याच एका मोठ्या वर्गाला रामाच्या दारात परके ठरवले गेले, याचा विसर पाडून या भागात देवासुरांच्या कथेविषयी बोलता येत नाही. येवल्यात राहून सचेतनपटांतील, म्हणजे आपण बोलताना ज्यांना ‘कार्टून’ म्हणतो त्या अ‍ॅनिमेशनपटांतील, खलपुरुषाचा विचार करू लागल्यावर हा संदर्भ वारंवार आडवा येतो. तो टाळण्याऐवजी त्याच्यापासूनच आरंभ करणे प्रस्तुत लेखकाला उचित वाटते.

प्रश्न तसा साधा आहे. रेषांनी घडवलेले काही खलपुरुष आपल्याला पटतात, पछाडतात, लहानपणी झोप उडवतात. आणि बरेचसे पटत नाहीत. चित्रकलेत उणेपणा असतो असे नाही, रंग झळझळीत असतात, संगीत धडकी भरवू पाहते. तरीही पोर उठून पाणी प्यायला जाते. ‘पटकथा कमकुवत होती’ हे याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण त्याने काही उलगडतही नाही. पटकथा कुठे आणि का कमकुवत होते, आणि एका समाजाला पटलेला खल दुसऱ्या समाजाला का पटत नाही, हे पाहायचे तर थोडे मागे, सिनेमाच्याही मागे जावे लागते.

खलचित्रणाविरुद्ध प्रेक्षकाने घेतलेल्या आक्षेपाची आपल्याकडील सर्वांत जुनी कथा नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. भरतमुनींनी केलेल्या पहिल्या प्रयोगाचा विषय देवांनी दैत्यांवर मिळवलेला जय हा होता. प्रेक्षकांत दैत्यही होते. विरूपाक्षाच्या नेतृत्वाखाली विघ्नांनी प्रयोग उधळला, नटांची वाणी आणि स्मृती थिजवली. इंद्राने ध्वजाच्या काठीने, म्हणजे जर्जराने, त्यांना बदडून काढले. पण तेवढ्याने भागले नाही. अखेर ब्रह्मदेवाला दैत्यांशी बोलणे करावे लागले. त्याने दिलेला निर्वाळा असा की नाट्य एकट्या देवांचे नाही, त्यात देवांचे आणि असुरांचेही शुभाशुभ दाखवले जाते, त्रैलोक्याच्या भावांचे ते अनुकीर्तन आहे. या कथेतील काठी आपल्या समीक्षेच्या बरीच लक्षात राहिली, ब्रह्मदेवाचे उत्तर तितके राहिले नाही. ज्याला खल ठरवले तो प्रेक्षागारात बसलेला आहे आणि त्याचे समाधान होणे ही नाट्यसिद्धीची एक अट आहे, ही कल्पना मोठी धाडसी आहे. पुढे दशरूपककार धनंजयाने प्रतिनायकाची लक्षणे सांगितली, त्याला लोभी, उद्धत, पापी ठरवले, आणि विषय लक्षणांपुरता आटोपला. पहिल्या प्रयोगातील तो कलह मात्र मिटलेला नाही.

मराठी रंगभूमीवर राक्षस आला तो आरोळी ठोकत. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि त्या परंपरेतील नाटकांना पुढे लोकांनी ‘अललल डुर्र’ नाटके असे थट्टेचे नावच दिले. राळेचे भपकारे, रंगवलेली तोंडे, तलवारींचा खणखणाट आणि ती आरोळी एवढ्या साहित्यावर राक्षसपार्टी प्रेक्षकांना घाबरवीत असे. सुशिक्षितांना ते लवकरच हास्यास्पद वाटू लागले. परंतु येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. भाव्यांचा राक्षस वास्तवाचा कोणताही दावा करीत नव्हता. तो संकेत होता, आणि संकेत मान्य असलेल्या प्रेक्षकाला तो पटत होता. संकेत मोडल्यावर उरले ते केवळ ओरडणे. आजच्या कित्येक सचेतनपटांतील दैत्य या उरलेल्या ओरडण्याचे वारस आहेत. आरोळी आली आहे, पण तिच्या मागचा करार मात्र आलेला नाही.

दुसऱ्या टोकाला खाडिलकरांचे ‘कीचकवध’. १९०७ मध्ये ते रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचकाच्या उन्मत्त बोलण्यात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन ऐकू येत होता, आणि दुर्दैवाने तो सरकारलाही ऐकू आला. त्या काळातील नाशिकची हवा ध्यानात घेतली पाहिजे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. रंगमंचावरचा खल आणि प्रेक्षागारातला खल यांच्यामधील पडदा इतका विरळ झालेला होता. कीचक पटला याचे कारण खाडिलकरांनी त्याला नवे अवगुण दिले हे नव्हे. महाभारतातला कीचक होता तेवढाच दुष्ट आहे. प्रेक्षक स्वतःच्या अनुभवातला एक चेहरा सोबत घेऊन नाट्यगृहात आला होता आणि नाटकाने त्या चेहऱ्यासाठी जागा रिकामी ठेवली होती, हे त्याचे कारण. खलाच्या पटण्यातील अर्धा भाग प्रेक्षकाने आणलेला असतो, हे त्यातून दिसून येते.

हा आणलेला भाग बदलला की खलही बदलतो, याचे उदाहरण येवल्यातच आहे. १८५७ च्या युद्धातील सेनानी तात्या टोपे मूळचे येवल्याचे. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस त्यांना फाशी देण्यात आले. इंग्रजी लेखनात कानपूरच्या प्रसंगामुळे नानासाहेब आणि तात्या ही नावे दीर्घकाळ क्रौर्याचे समानार्थी शब्द म्हणून वापरली गेली. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८८० च्या एका कादंबरीत नानासाहेबाला सरळ खलपुरुष करून टाकले. येवल्याच्या पोराला ती कादंबरी वाचायला दिली तर तो खल त्याला पटणार नाही, आणि त्यात कादंबरीच्या तंत्राचा फारसा दोष नसेल.

आता सिनेमाकडे. नाशिक जिल्ह्याला येथेही मान आहे. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके पुढे नाशिकला येऊन स्थिरावले आणि त्यांच्या चित्रपटांचा मोठा भाग याच मातीत तयार झाला. फाळक्यांना चित्रचौकट चौकटीने सरकवण्याच्या तंत्राची ओढ प्रथमपासून होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, १९१२ मध्ये, त्यांनी बीजाला कोंब फुटून रोप कसे वाढते हे थोडथोडे चित्रित करून दाखवले, १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यांना हालते केले. भारतीय सचेतनपटाचा इतिहास येथून सुरू होतो असे मानण्याचा प्रघात आहे आणि तो रास्त आहे. हा माणूस जादूगारही होता. आडनावाची अक्षरे उलटवून ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणून त्याने प्रयोग केले होते. अशा माणसाने खल कसा रंगवला?

‘कालिया मर्दन’ (१९१९) सुदैवाने बऱ्याच अंशी आपल्यापर्यंत पोहोचला आहे. कृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. आरंभीच तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव प्रेक्षकाला दाखवले जातात. जणू दिग्दर्शक सांगतो आहे की ही मुलगी आहे, कृष्ण नव्हे, आणि ती आता कृष्ण होणार आहे. कालिया हा उघडउघड कृत्रिम सर्प आहे. आजच्या डोळ्यांना त्याचे बनावटपण लपत नाही, आणि तेव्हाच्या डोळ्यांनाही ते फार लपले असेल असे वाटत नाही. तरी ते द्वंद्व पाहताना हसू येत नाही. यमुनाकाठची माणसे भयाने थिजून पाण्याकडे पाहत आहेत, आणि आपण बराच वेळ सर्पाऐवजी त्यांचे चेहरे पाहत राहतो. कालियाचे भय कालियाच्या देहात ठेवलेलेच नाही. ते काठावर उभ्या असलेल्यांत ठेवले आहे. शिवाय तो मरत नाही. त्याच्या स्त्रिया याचना करतात आणि त्याला जीवदान मिळते. ज्याच्यासाठी कुणीतरी रडते असा खल निव्वळ बाहुले राहत नाही, एवढे फाळके पुराणातून शिकले होते.

फाळक्यांचा कालिया चित्रित केलेली वस्तू होता. संपूर्ण रेषेचा खल ही याहून अवघड गोष्ट आहे, आणि या अवघडपणाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. जिवंत नट पडद्यावर येतो तेव्हा त्याच्यासोबत संहितेत नसलेले पुष्कळ काही येते. त्याच्या पापणीची थरथर, थकवा, श्वास, एका बाजूने किंचित वाकडा पडणारा ओठ. ‘सामना’ (१९७५) मधील निळू फुल्यांचा हिंदुराव पाहावा. विजय तेंडुलकरांच्या संहितेने त्याला सत्ता आणि गुन्हा दिला. पण समोरच्याकडे न पाहता बोलताना त्या डोळ्यांत जे तरळते ते लिहून देता येत नाही. रेषेत असे अनवधान नसते. सेकंदाला चोवीस चौकटी धावतात, त्यांसाठी कधी चोवीस तर कधी बारा चित्रे काढली जातात, आणि त्यांतील प्रत्येक चित्रात कलावंताने ठेवले तेवढेच असते. नटाच्या चेहऱ्यात आपण न ठेवलेली माणुसकी आपोआप शिल्लक राहते. रेखाटलेल्या चेहऱ्यात ती मुद्दाम ठेवावी लागते. आणि खलाच्या बाबतीत ती ठेवण्याचे टाळण्याकडे कल असतो, कारण ती ठेवली तर बालकाचा गोंधळ उडेल अशी निर्मात्याला भीती वाटते.

येवल्यातल्या माणसाला येथे पैठणीची आठवण होणे साहजिक आहे. पैठणीचा मोर पदरावर ज्या बाजूने पाहावा तसाच उलट बाजूनेही दिसतो. विणकराच्या तिल्ल्यांची ती किमया, अस्सलपणाची खूण. खलपुरुष असा उलटसुलट सारखा निघाला तर मात्र तो दोष होय.

आर्थिक कारणही विसरता कामा नये. चित्रे कमी काढायची म्हणून दूरचित्रवाणीच्या मालिकांत चालण्याची, वळण्याची, हसण्याची ठरावीक चक्रे पुन्हापुन्हा वापरली जातात. नायक बराच वेळ पडद्यावर असल्याने त्याच्या वाट्याला निदान वैविध्य येते. खल येतो, हसतो, हरतो. त्याचे गडगडाटी हास्य एकदा काढून ठेवले की प्रत्येक भागात उपयोगी पडते. आपण ज्याला खलाचा एकसुरीपणा म्हणतो त्यातला काही भाग निव्वळ काटकसर आहे. ‘छोटा भीम’ ही मालिका २००८ मध्ये सुरू झाली; तिच्यात भागागणिक दैत्य आले आणि गेले, त्यांची नावे मुलांच्या ध्यानात फारशी राहिली नाहीत. ध्यानात राहिला तो कालिया, फाळक्यांच्या सर्पाचे नाव मिरवणारा दांडगा पोरगा, कारण तो गावातलाच आहे, हेवा करतो, खादाड आहे आणि प्रसंगी भीमाच्याच बाजूने उभा राहतो.

आपल्याकडे स्वातंत्र्यपूर्व काळात सचेतनपटाचे तुरळक प्रयत्न झाले. पुण्याच्या प्रभात कंपनीत १९३४ मध्ये रघुनाथ केळकरांनी ‘जंबूकाका’ केला, ज्याच्या नावातच पंचतंत्रापासूनचा धूर्त कोल्हा आहे. स्वातंत्र्यानंतर सूत्रे फिल्म्स डिव्हिजनकडे गेली. १९५६ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी मुंबईस आले आणि १९५७ चा ‘बनियन डिअर’ ही त्या उपक्रमाची फलश्रुती. जातककथेतला राजा तेथे शिकारी आहे, पण त्याचे मन पालटते. खल उरतच नाही. पुढील काळात या संस्थेतील रेषेचे मुख्य काम लोकशिक्षण हेच झाले. राम मोहन, जी. के. गोखले यांच्यासारखे कलावंत तेथे घडले, परंतु ज्या कलेचा आश्रयदाता शासन आहे आणि उद्देश प्रबोधन आहे, तिला खल हवा असतो तो रोगजंतूच्या किंवा अज्ञानाच्या रूपात. डास कितीही विक्राळ काढला तरी त्याच्याशी वाद घालता येत नाही. भारतीय सचेतनपटाची पहिली पिढी खलाशी वाद न घालताच मोठी झाली, हे पुढच्या दुबळेपणाचे एक ऐतिहासिक कारण प्रस्तुत लेखकाला दिसते.

या परंपरेतली सर्वांत लाडकी कृती म्हणजे १९७४ ची ‘एक अनेक और एकता’. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, सचेतन भीमसेन यांचे. जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळे घेऊन उडून जातात. दूरदर्शनने ती इतक्या वेळा दाखवली की दोन पिढ्यांना ती पाठ झाली. तिच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. परंतु महाराष्ट्रात बसून ती पाहताना एक प्रश्न सुटत नाही. हे जाळे लावणारा कोण? कथेला तो फक्त फाशी लावणारा म्हणून हवा आहे. आपल्याकडे ही उपजीविका असलेल्या समाजाला फासेपारधी म्हणतात. १८७१ च्या कायद्यातून सुरू झालेल्या व्यवस्थेने अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या. कायद्याच्या पुस्तकात झाल्या, पोलीस ठाण्यात किती झाल्या हे लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको, जरी त्यातला समाज वेगळा आहे. ज्या देशात जमातच्या जमात कायद्याने खल ठरवली गेली होती, तेथे जाळेवाल्याचा चेहरा काढणे ही निष्पाप कृती राहत नाही. पाहणाऱ्या मुलांत एखादे पारध्याचे मूल असेल तर नाट्यशास्त्रातील विरूपाक्षाच्या जागी ते बसलेले आहे. फरक इतकाच की विघ्न आणण्याचे सामर्थ्य त्याच्याजवळ नाही. हे लक्षात आले की खल ‘पटत नाही’ याचा आणखी एक अर्थ पुढे येतो. ज्याला तो पटू नये असा प्रेक्षक निर्मात्याने कल्पिलेलाच नसतो.

याच्या उलट, पटलेल्या खलाचे उदाहरण मराठी मध्यमवर्गाच्या आणि येवल्यातल्या मागवाल्यांच्याही पोरांच्या स्मरणात आहे. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ ही मूळची जपानी मालिका हिंदीत येऊ लागली. शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. आमच्या गल्लीत त्या अर्ध्या तासात धोट्याचा आवाज ऐकू येत नसे. रेषेत अनवधान नसते असे वर म्हटले. आवाजात ते असते. नानांच्या आवाजातला खरखरीत संथपणा, वाक्य अर्ध्यावर सोडून देण्याची लकब, यांतून शेरखानला असे काही मिळाले जे कोणत्याही चित्रकाराने काढलेले नव्हते. परंतु श्रेय केवळ आवाजाला देऊन चालणार नाही. किपलिंगच्या १८९४ च्या कथांत शेरखान जन्मतः लंगडा आहे. त्याची आईच त्याला लंगडी म्हणून हाक मारते. पायाने अधू म्हणून चपळ सावज मिळत नाही, म्हणून गुरे मारतो, म्हणून गावकरी खवळतात, म्हणून जंगलाला त्याची अडचण होते. एका व्यंगातून साखळीसारखी दुष्टाई उलगडत जाते. ही कथा घडते सिवनीच्या रानात, विदर्भाच्या अगदी सीमेला लागून. किपलिंगच्या साम्राज्यवादाबद्दल आपले आक्षेप कायम ठेवूनही हे मान्य करावे लागेल की आपल्या वाघाला त्याने कारण दिले. (त्याने आपल्या माणसांना इतक्या उदारपणे कारणे दिली असती तर बरे झाले असते.)

पाश्चात्त्य सचेतनपटाकडे वळले की हाच धागा दिसतो. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मधील राणीला आरसा हवा तसे उत्तर देत नाही, वयाने मागे पडण्याचे भय कोणाला अपरिचित आहे? १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तील मॅलेफिसंटला बारशाचे आमंत्रण नसते. मानपानावरून वैर धरणारी आत्या ज्याने लग्नघरात पाहिली आहे त्याला ती लगेच समजते. याउलट १९९५ चा ‘पोकाहाँटस’ घ्यावा. तेथे गव्हर्नर रॅटक्लिफ नावाचा एक स्थूल, अधाशी गृहस्थ व्हर्जिनियात सोने शोधत येतो आणि साऱ्या संघर्षाचे मूळ ठरतो. शेवटी त्याचीच माणसे त्याला बांधून परत पाठवतात आणि प्रश्न सुटल्यासारखा होतो. वस्तुतः तेथे आलेली होती एक कंपनी, भागधारकांचे भांडवल घेऊन, भूमी बळकावण्यासाठी. एका जाड्या माणसाला परत धाडून ती जाणार नव्हती आणि गेली नाही. ज्यांच्या अंगावरून ईस्ट इंडिया कंपनी गेली आहे त्या देशातील प्रेक्षकाला रॅटक्लिफ पोकळ वाटतो तो याचमुळे. त्याला लोभ दिला आहे, पण तो लोभ ज्या व्यवस्थेचा आहे ती चित्राबाहेर ठेवली आहे. व्यवस्थेचे पाप एका माणसाच्या पोटात मावत नाही.

अलीकडे आणखी एक रीत रूढ झाली, लपवलेल्या खलाची. २०१३ च्या ‘फ्रोझन’मधील राजपुत्र हान्स शेवटापर्यंत सज्जन असतो आणि मग एका क्षणी ओठावर आलेले चुंबन मागे घेऊन आपले कपट सांगू लागतो. प्रेक्षक दचकतो खरा, पण ते दचकणे ओसरल्यावर फसवले गेल्याची भावना उरते, कारण आधीच्या दृश्यांत त्याच्या एकांतातही त्या कपटाला जागा नव्हती. आपल्या परंपरेत कपटवेष पुष्कळ आहेत, पण त्यांची व्यवस्था निराळी आहे. रावण यतीच्या वेषात पंचवटीत येतो तेव्हा सीतेला ठाऊक नसते आणि आपल्याला असते. कीर्तनकाराच्या समोर बसलेली म्हातारी ‘अगं नको ओलांडू ती रेघ’ असे पुटपुटते ते या ज्ञानामुळे. सीतेचे अज्ञान आणि आपले ज्ञान यांच्यातल्या फटीत भय राहते. हान्सच्या बाबतीत ती फटच बुजवली आहे. आश्चर्य मिळवण्यासाठी भय विकले आहे, आणि हा सौदा महागात पडणारा आहे.

रावणाचाच विषय निघाला तर युगो साको आणि राम मोहन यांच्या भारत-जपान सहकार्यातील ‘रामायण’पटाची नोंद केली पाहिजे. १९९२ मध्ये तो पूर्ण झाला, त्या काळात आपल्याकडे नीटसा प्रदर्शित होऊ शकला नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत पुन्हा आला. जुन्या हिंदी आवृत्तीत रावणाला आवाज अमरीश पुरी यांचा. जपानी कलावंतांना रावण पूर्वग्रहाविना काढता आला, ही त्यांची सोय होती. आपल्या कलावंताला ती नाही. आपल्याकडे असुर काढणाऱ्याच्या मागे एक अख्खे भांडण उभे असते. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) अवतारकथांची उलटतपासणी झाली, हिरण्यकश्यपूचा वध तेथे सोंग घेऊन केलेला दगाफटका ठरतो आणि बळी हा रयतेचा राजा ठरतो. हे फुल्यांनी शून्यातून निर्माण केले नाही. वामनाचा जयजयकार करणाऱ्या याच प्रांतात दिवाळीच्या पाडव्याला बहीण-बायको ओवाळताना बळीच्याच राज्याची इच्छा बोलून दाखवतात. जेजुरीच्या परंपरेत खंडोबाला शरण आलेल्या मणी दैत्याला देवाजवळ जागा मिळाली. शिवेवरच्या म्हसोबाचे नाते महिषासुराशी आहे, असे दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त (१९६२) दाखवून दिले, काही ठिकाणी तर तो ज्या देवीकडून मारला जायचा तिच्याशीच त्याचे लग्न लावलेले असते. मराठी माणसाने आपल्या असुरांना असे शेंदूर फासून घरात घेतले आहे. कोकणातल्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर काळ्या वेषात येतो, मालवणीत फिरक्या घेतो, आणि विष्णूने त्याला मारण्याआधी अख्ख्या जत्रेला हसवतो. त्याच्या मरणाची घाई कुणालाच नसते.

अशा प्रेक्षकापुढे निळ्या-हिरव्या कातडीचा, सुळेवाला, विनाकारण विश्वावर राज्य करू पाहणारा दैत्य ठेवला तर तो त्याला अपुरा वाटणारच. व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ (२००५) पासून आपल्याकडे पुराणावरील सचेतनपटांची रांग लागली. त्यांतील बहुतेकांनी नायकाच्या बाललीलांवर जीव ओतला आणि असुरांना घाईघाईत उरकले. २०२५ चा ‘महावतार नरसिंह’ या रांगेतला अपवाद ठरला आणि त्याला मिळालेला प्रतिसादही अपवादात्मक होता. त्यात आधी हिरण्याक्ष मरतो. हिरण्यकश्यपू पुढे जे करतो ते भावाच्या मृत्यूच्या दुःखातून, आणि नंतर पोटच्या पोराने शत्रूची बाजू घेतल्याच्या अपमानातून. बापलेकाच्या वैराला आपल्या घरात जागा असते म्हणून तो खल उभा राहतो. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप वेगळाच आहे. चित्रपटाने राजाला दुःख दिले, पण त्याची प्रजा दिली नाही. त्याच्या राज्यात राहणाऱ्या असुरांची पोरे कुठे शिकत होती, काय खात होती, त्यांना प्रल्हाद पटला होता काय? फुल्यांनी विचारलेला प्रश्न रेषेत उतरायचा अजून बाकी आहे, आणि तो उतरवण्याइतके निर्भय वातावरण आज आहे की नाही याविषयी शंका घेण्यास जागा आहे. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंबेडकरांचे ‘रिडल्स’ प्रसिद्ध केले तेव्हा राम आणि कृष्ण यांवरील एका प्रकरणाने केवढे वादळ उठवले होते, हे ज्यांना आठवते त्यांना असुराची बाजू घेऊन चित्र काढणाऱ्याची कुचंबणा समजेल. कलावंताच्या अक्षमतेइतकीच ही भीती आपल्या खलांना सपाट करीत आली आहे.

आपल्या शाहिरांना ही भीती नव्हती, निदान या प्रकारची नव्हती. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा पाहावा. राजाच्या पराक्रमाचे माप खानाच्या मापानेच घ्यावे लागते, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून खानाच्या स्वारीच्या थाटाला त्याने हात आखडता घेतलेला नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे. मेलेल्या शत्रूला जागा देणाऱ्या काळाची ती खूण. २०१८ मध्ये ‘प्रभो शिवाजी राजा’ हा मराठी सचेतनपट आला. या विषयावर यापुढेही असे चित्रपट निघतील. त्यांच्या कर्त्यांनी खान काढताना आजच्या मोर्चातील फलकांकडे पाहावे की त्या जुन्या पोवाड्याकडे, हा निर्णय त्यांचा त्यांना घ्यावा लागेल.

नाशिक आणि पालघर जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात, पेठ-सुरगाण्यापासून मोखाड्यापर्यंत, बोहाडा होतो. रात्ररात्र संबळाच्या ठेक्यावर सोंगे येतात, देवांची आणि दैत्यांची, जड रंगीत मुखवटे घालून. मशालीच्या उजेडात मुखवट्याचा चेहरा हलत नाही. सचेतनपटाच्या भाषेत बोलायचे तर एकच चित्र रात्रभर वापरले आहे. तरीही रावण आला की पोरे आयांना बिलगतात. शेवटच्या रात्री देवी आणि म्हैषासुर यांचे युद्ध होते. सोंग कुणी घेतले आहे हे गावाला ठाऊक असते, तो कुणाचा मुलगा, त्याचा बांध कुणाच्या बांधाला लागून आहे, हेही ठाऊक असते. म्हैषासुर पडतो. पहाटे मुखवटा उतरवून तो माणूस घामेजल्या तोंडाने इतरांच्या पंगतीत येऊन बसतो आणि त्याला जागा करून दिली जाते.